पौरुषाच्या सुईची दुसरी बाजू

दंड फुगवण्यासाठी व्यायामशाळांतील तरुण टेस्टोस्टेरॉनचे जे इंजेक्शन टोचून घेतात, ते जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासले होते, हे त्यांतील कितीजणांना ठाऊक असेल? १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सात देशांतील २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट देण्यात आले. त्यांपैकी १५७ जणांच्या वीर्यात शुक्राणू उरले नाहीत. पुढे वर्षभर याच उपायावर विसंबलेल्या त्या जोडप्यांत एकच गर्भधारणा झाली.

रक्तात संप्रेरक मुबलक आहे असे आढळताच मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना आदेश देणे थांबवते. वृषणे आकसतात, शुक्राणूनिर्मिती थंडावते. स्नायू मात्र वाढतात, म्हणून आरसा फसवतो. रक्त दाट होणे, हितकर कोलेस्टेरॉल घटणे, काहींना स्तनवृद्धी, हे सारे मागाहून कळते. इंजेक्शन थांबवल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती पूर्ववत होण्यास महिने लागतात; मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांना कधी त्याहूनही अधिक. त्या काळातील मरगळ आणि खिन्नता असह्य झाली की तरुण पुन्हा सुईकडे वळतो.

१८८९ मध्ये ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परतल्याचे जाहीर केले होते. त्या अर्कात संप्रेरक जवळजवळ नव्हतेच; तो मनाचा खेळ होता. १९३५ नंतर प्रयोगशाळेत बनू लागलेले टेस्टोस्टेरॉन मात्र खरेखुरे काम करते, आणि म्हणूनच ते निष्काळजीपणे विकले जाऊ नये.

१९७६ च्या सक्तीच्या नसबंदीची धास्ती ज्या देशाच्या राजकारणातून अजून पुसलेली नाही, तेथे तरुण स्वखर्चाने, नकळत, आपली प्रजननक्षमता गोठवत आहेत. शासन गप्प आहे. २०२२ चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा खेळाडूंपुरता आहे. गल्लीतील व्यायामशाळा त्याच्या कक्षेबाहेर राहते. ही संप्रेरके अनुसूची 'एच'मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत मोडतात, पण चिठ्ठी पाहिली जाते का, हे ग्राहकाला आणि दुकानदारालाच ठाऊक. अमेरिकेने १९९० मध्येच कायदा करून ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स नियंत्रित द्रव्यांत घातली.

माझ्या मते आपल्याकडे नव्या कायद्याची गरज नाही. २०१४ पासून लागू असलेल्या अनुसूची 'एच-१'मध्ये विक्रेत्याला डॉक्टर, रुग्ण आणि मात्रा यांची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपावी लागते. टेस्टोस्टेरॉन तेथे हलवण्यास केंद्राची एक अधिसूचना पुरते, आणि ज्यांच्या शरीरात त्याची खरोखर उणीव आहे, अशा रुग्णांची त्याने अडवणूक होत नाही. नोंदवह्या तपासणे हे राज्यांच्या औषध निरीक्षकांचे काम आहे. निरीक्षकांची रिक्त पदे न भरता अधिसूचना काढली, तर त्या वह्या कोऱ्याच राहतील.