श्रेयनामावलीवर हक्क कोणाचा?

मालिकेतील शेवटचा संवाद संपतो न संपतो तोच दूरचित्रवाणीचा पडदा दुभंगतो. मोठ्या भागात उद्याच्या कथानकाची झलक किंवा लगेच सुरू होणाऱ्या कार्यक्रमाची जाहिरात झळकते. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून श्रेयनामावली धावते आणि तिचा वेग असा असतो की संकलकाचे नाव वाचू पाहणाऱ्याच्या हाती फार तर त्यातील एखादे अक्षर लागावे. हिंदी, तमिळ, बंगाली, मराठी अशा सर्वच भाषांतील खासगी वाहिन्यांवर हे चित्र इतके रुळले आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटेनासे झाले आहे. चित्रपटांच्या प्रक्षेपणात तर अनेकदा ही पट्टीही उरत नाही. कथा संपताच चित्रपट कापला जातो.

या सवयीचे कारण उघड आहे. एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होण्याचा क्षण वाहिनीसाठी सर्वांत धोक्याचा असतो, कारण प्रेक्षकाचा हात त्याच वेळी रिमोटकडे जातो. प्रेक्षकसंख्या मिनिटामिनिटाला मोजली जाते आणि जाहिरातींचे दर तिच्यावर ठरतात. तेव्हा प्रत्येक सांधा बुजवणे हे वाहिनीला आपले कर्तव्यच वाटू लागते. ‘हम लोग’च्या काळात, १९८४ मध्ये, दूरदर्शनला ही चिंता नव्हती. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार प्रेक्षकांशी निवांत बोलत आणि तो समारोपही कार्यक्रमाचाच भाग असे. १९९२ नंतर खासगी उपग्रह वाहिन्यांची स्पर्धा सुरू झाली आणि तो निवांतपणा संपला. ही प्रथा केवळ भारताची नाही. अमेरिकेत ‘एनबीसी’ने १९९४ मध्ये श्रेयनामावली आक्रसून तिच्या शेजारी पुढील कार्यक्रमाची जाहिरात दाखवायला सुरुवात केली आणि इतर वाहिन्यांनी तिचे अनुकरण केले. ब्रिटनमध्ये २०१० साली ‘डॉक्टर हू’च्या एका भागातील अखेरच्या उत्कंठापूर्ण प्रसंगावरच दुसऱ्या कार्यक्रमाचे सचित्र फलक झळकले. हजारो प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आणि बीबीसीला माफी मागावी लागली.

तेथे प्रेक्षक चिडले ते कथेचा रसभंग झाला म्हणून. भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. आपल्या मनोरंजन उद्योगातील बहुसंख्य कामगारांच्या दृष्टीने श्रेयनामावली हा शिष्टाचाराचा नव्हे, तर पुराव्याचा विषय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यायमूर्ती हेमा समितीच्या अहवालाने मल्याळम चित्रसृष्टीत लेखी करारच केले जात नाहीत, याकडे लक्ष वेधले. असंघटित पद्धतीने चालणाऱ्या कोणत्याही निर्मितीक्षेत्राला हे निरीक्षण थोड्याफार फरकाने लागू पडावे. जेथे करार नाही आणि नेमणुकीचे पत्रही नाही, तेथे साहाय्यक दिग्दर्शक, वेशभूषाकार, ध्वनिमुद्रक किंवा संवादलेखक पुढचे काम मागायला जातो तेव्हा त्याच्याजवळ दाखवण्यासारखे एकच प्रमाणपत्र असते: पडद्यावर आलेले त्याचे नाव.

कायद्यानेही या नावाला वजन दिले आहे. कॉपीराइट कायद्यातील ५७ वे कलम लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ३८-ब कलम कलावंताला आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे, असा हक्क देते. त्याच दुरुस्तीने ‘कलावंत’ या शब्दाच्या व्याख्येला जोडलेले परंतुक मात्र बारकाईने वाचायला हवे. चित्रपटातील एखाद्याचे सादरीकरण किरकोळ किंवा आनुषंगिक असेल आणि उद्योगाच्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे त्याचा श्रेयनामावलीसह कोठेही उल्लेख होत नसेल, तर विकृतीकरणाविरुद्धच्या संरक्षणाचा अपवाद वगळता तो कायद्याच्या दृष्टीने ‘कलावंत’ ठरत नाही. ‘चित्रपट’ या संज्ञेची कायदेशीर व्याप्ती मालिकांनाही सामावून घेते. म्हणजे हक्क कोणाला आणि कोणाला नाही, हे ठरवताना कायदा उद्योगाच्या प्रथेकडे आणि श्रेयनामावलीकडे बोट दाखवतो. ती प्रथाच पातळ होत गेली तर सर्वांत आधी फटका बसणार तो छोट्या भूमिका करणाऱ्यांना. संकलक, रंगभूषाकार, प्रकाशयोजनाकार यांची स्थिती तर याहून वाईट आहे. ते सहसा कायद्याच्या अर्थाने ना लेखक ठरतात ना कलावंत. त्यांचे नाव सर्वस्वी निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून असते.

नावासाठीचा हा झगडा जुना आहे. १९४९ साली ‘महल’मधील सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ या पात्राचे नाव छापले गेले होते. आवाज लता मंगेशकर यांचा होता. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावरही, २००६ मध्ये, मुख्य गायिका म्हणून श्रेय मिळावे यासाठी नेहा भसीन यांना दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. प्रसिद्ध आवाजांची ही कथा, तर पडद्यामागच्या निनावी हातांना कोण विचारतो?

यावर नवा कायदाच हवा असे नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ मधील सातव्या नियमात दोन तरतुदी आहेत. पहिलीनुसार जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे आणि पडद्याच्या खालच्या भागात मजकूर फिरवणे किंवा अन्य मार्गाने तिने कार्यक्रमात व्यत्यय आणता कामा नये. दुसरीनुसार तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यात दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीची. म्हणजे स्वप्रसिद्धी हीदेखील जाहिरातच, हे नियमानेच मान्य केले आहे. आता श्रेयनामावली हा कार्यक्रमाचा भाग आहे एवढे स्वीकारले, तर तिला कोपऱ्यात रेटून दाखवलेला प्रोमो हा कार्यक्रमातील व्यत्यय ठरतो आणि त्याची सेकंदे त्या दोन मिनिटांत मोजली जायला हवीत. या अर्थाला वाहिन्या हरकत घेतील. पण मग श्रेयनामावली कार्यक्रमाचा भाग नसेल तर ती नेमकी काय आहे, याचे उत्तर त्यांनीच द्यावे.

अर्थात, नियम असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये बारा मिनिटांची मर्यादा काटेकोर करण्याचा प्रयत्न केला. प्रसारण कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या अंतरिम संरक्षणामुळे कारवाई वर्षानुवर्षे अडून राहिली. वर्गणीचे उत्पन्न अपुरे असल्याने जाहिरातींवाचून निभाव लागत नाही, हे वाहिन्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. छोट्या वाहिन्यांसाठी तर ते बरेचसे खरे आहे. परंतु श्रेयनामावलीच्या जागेत वाहिनी बहुतेक वेळा कोणाची जाहिरात विकत नाही, स्वतःचीच करते. तेथे बुडण्यासारखे थेट उत्पन्न नाही. जाईल तो केवळ प्रेक्षकाला धरून ठेवण्याचा एक डाव.

‘ही नावे वाचतो कोण?’ हा दुसरा युक्तिवाद. मतदारयादी तरी रोज कोण वाचतो? नोंदीचे मोल ती किती जण चाळतात यावर ठरत नाही, गरज पडेल तेव्हा ती सापडते की नाही यावर ठरते. २०२० च्या टाळेबंदीत १९८७ सालचे ‘रामायण’ नव्या पिढीने पाहिले. एवढ्या वर्षांनंतर त्या कामातील अनेकांची ओळख टिकण्याचा आधार होता तो तिच्या श्रेयनामावलीचा. ओटीटी मंचांवरही चित्र निराळे नाही. तेथे नावे सुरू होताच पुढचा भाग आपोआप चालू होतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी या मंचांना वयोगटानुसार वर्गीकरण दाखवण्याची सक्ती केली, श्रेयाबाबत मात्र ते मौन बाळगतात.

उपाय साधे आहेत. माहिती व प्रसारण मंत्रालयाने श्रेयनामावली हा कार्यक्रमाचा अविभाज्य भाग असल्याचे स्पष्ट करावे आणि अक्षरांचा आकार व वेग यांची किमान मर्यादा ठरवावी. तिच्या शेजारचा प्रोमो दोन मिनिटांच्या हिशेबात धरावा. प्रत्येक वाहिनीने आणि ओटीटी मंचाने संपूर्ण श्रेयनामावली आपल्या संकेतस्थळावर कायम उपलब्ध ठेवावी. याचा खर्च नगण्य आहे. प्रसार भारतीने दूरदर्शनवर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील ‘इफ्फी’त सुरू केलेल्या ‘वेव्ह्ज’ मंचावर हा पायंडा आधी पाडावा. २०२३ मध्ये चर्चेस आलेले प्रसारण सेवा विधेयक पुन्हा पुढे येईल तेव्हा त्याच्या मसुद्यात या हक्काला जागा असावी.

प्रसारणाविषयीची आपली सारी चर्चा बहुधा काय दाखवू द्यावे आणि काय दाखवू देऊ नये, याभोवतीच फिरते. जे दाखवले गेले ते कोणी घडवले, हेही प्रेक्षकाला नीट वाचता आले पाहिजे. त्यासाठी लागणारी सेकंदे वाहिनीने उपकार म्हणून द्यायची नाहीत. ती काम करणाऱ्यांचीच आहेत.