विटाळ खोटा होता, जंतुसंसर्ग खरा आहे!

पुसदने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. तरीही इथलं नवजात बाळ गंभीर झालं की आईला यवतमाळ नाहीतर नांदेड गाठावं लागतं. त्याच नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 दरम्यान 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात होते. उत्तर ठरलेलं मिळालं: बाळं कमी वजनाची होती, शेवटच्या क्षणी आणली.

अहो, कमी वजनाच्या बाळांसाठीच तर अतिदक्षता कक्ष असतो ना? अशा बाळाची प्रतिकारशक्ती नाजूक. त्याला सलाईनची सुई, श्वासाची नळी लागते. क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टरसारखे जिवाणू त्याच वाटेने आणि न धुतलेल्या हातांवरून रक्तात शिरतात. अनेक अँटिबायोटिक्स त्यांच्यावर आता चालत नाहीत. एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं आणि एका नर्सकडे डझनभर बाळं दिली, तर प्रत्येक स्पर्शाआधी तिने हात धुवायचे कधी? हात धुण्याने बाळंतिणी वाचतात, हे सेमेलवाइसने व्हिएन्नात 1847 मध्येच दाखवलं होतं.

या देशाने शतकानुशतके आमच्या सावलीचा विटाळ मानून आंघोळी केल्या. तो विटाळ खोटा होता. हा संसर्ग खरा आहे, आणि इथे मात्र पुरेशी माणसं नेमायला पैसा नाही!

नांदेडला पुढे काय झालं? तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी आदिवासी समाजातील अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. खाटा, औषधं, रिक्त पदं यांचा जाब मंत्रालयाला विचारायचा सोडून झाडू कुणाच्या हाती आला, ते बघा. उद्या संसर्गाचं खापरही वॉर्ड पुसणाऱ्या कंत्राटी कामगारावरच फुटेल. तो कोणत्या वस्तीतून येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मातेचा भार सरकारने उचलावा, अशी मांडणी केली. संविधानाचं कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य मानतं. ही मेहरबानी नाही.

मित्रांनो, नुसत्या मेणबत्त्या नकोत. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. नवजात कक्षात दर पाळीला नर्स किती, बाळं किती? दाखल झाल्यानंतर किती बाळांना जंतुसंसर्ग झाला? सफाई कामगाराला किमान वेतन मिळतं का? उत्तर आलं नाही, तर अपील करा. बाळाच्या मृत्यूच्या कागदावर ‘सेप्सिस’ लिहिलं की विषय संपत नाही. तो आला कुठून, हे विचारणं आपलं काम आहे.

जय भीम!