लाडकी बहीण बंद होईल म्हणून धंदा दिराच्या नावावर टाकू नका



"सर, क्यूआर कोड दिराच्या नावावर घेतला तर चालतं ना?"

प्रश्न विचारणाऱ्या ताई सोलापूरकडच्या. शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतात. मला वाटलं खात्याला आधार जोडलेलं नसेल किंवा मोबाईल नंबर बदलला असेल. तसं काही नव्हतं. ताईंच्या खात्यात लाडकी बहिणीचे १५०० येतात. "त्याच खात्यात धंद्याचे पैसे दिसले तर सरकार बंद करेल. आणि मागचे पण परत मागतील." म्हणून उधारी-रोखीचा सगळा व्यवहार दिराच्या खात्यावर. पुण्याच्या एका दुकानाला महिन्याला ४० किलो चटणी हवी होती, पण त्यांना पक्कं बिल पाहिजे आणि पैसे खात्यावरच देणार म्हणाले. ताईंनी नाही सांगितलं.

मी हिशेब विचारला. किलोला ३२० भाव मिळत होता, खर्च २४० च्या आसपास. म्हणजे किलोमागे ८० रुपये, ४० किलोचे ३,२००. महिन्याला १,५०० जाऊ नयेत म्हणून ३,२०० वर पाणी सोडलं.

हसू नका. ही भीती वेडेपणाची नाही. चटणी श्रावणात खपते, उन्हाळ्यात लग्नसराईत खपते, मध्येच दोन महिने गिऱ्हाईक गायब. १५०० मात्र ताईंच्या स्वतःच्या नावावर येतात. ज्या घरात बाईच्या हातात कधी पैसा नव्हता तिथे याची किंमत काय असते, हे मला एसी ऑफिसात बसून कळत नाही, आणि मी ते शिकवायलाही जात नाही. पण भीतीपोटी जो मार्ग निवडलाय तो चुकीचा आहे, आणि त्यात ताईंचंच नुकसान आहे.

पहिली गोष्ट, उलाढाल म्हणजे उत्पन्न नाही. हे मी दर दुसऱ्या व्हिडिओत सांगतो, पुन्हा सांगतो. ताईंची विक्री महिन्याला साधारण ५५,००० ची. "वर्षाला साडेसहा लाख होतात, सर, आणि मर्यादा अडीच लाखांची आहे," असं त्या घाबरून म्हणाल्या. अहो, पण शेंगदाणे, ज्वारी, लसूण, तिखट, गॅस, पिशव्या, एसटीचं पार्सल, मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी? हे सगळं धरलं तर ४१,००० जातात. उरतात १४,०००. वर्षाचे १,६८,०००. ताईंचा जीव भांड्यात पडला.

तो तिथेच ठेवता आला असता तर बरं झालं असतं. पण योजनेत मर्यादा ताईंच्या एकटीच्या उत्पन्नाची नाही, कुटुंबाची आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. ताईंचे मिस्टर कारखान्यात आहेत, ११,००० पगार. वर्षाचे १,३२,०००. दोन्ही मिळून बरोबर ३ लाख. गेल्या वर्षी धंद्यात महिन्याला ८,००० च उरत होते, तेव्हा घरचं एकूण २,२८,००० होतं. म्हणजे गेल्या वर्षी ताई अगदी प्रामाणिकपणे पात्र होत्या आणि या वर्षी धंदा असाच चालला तर नसतील. कुणी लबाडी केली नाही. फक्त चटणी चांगली खपली.

आता दिराच्या क्यूआरचं बघा. दीर ताईंच्या कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तिकडे पैसे गेले की आपण सुटलो असं त्यांना वाटतं. पण जाऊबाईंचं रेशनकार्ड वेगळं आहे आणि त्यांनाही १५०० येतात. वर्षाला साडेसहा लाख दिराच्या खात्यात आले, तर उद्या विचारणा त्यांच्याकडे होणार. हे पैसे कसले, ते सांगायला दीर कुठून पावत्या आणणार? एकीची योजना वाचवायला दुसरीची धोक्यात घातली. घरात भांडण लागायला याहून वेगळं काही लागत नाही. आणि ताईंना उद्या कुटायचं मशीन घ्यायला मुद्रा लोन पाहिजे असेल, तर बँक खात्याचं स्टेटमेंट मागणार. ताईंच्या स्टेटमेंटवर काय दिसणार? महिन्याला १५०० जमा, १५०० काढले. तीन वर्षं राबलेल्या बाईचा धंदा कागदावर अस्तित्वातच नाही.

दुसरी भीती रिटर्नची. "आयटीआर भरला की नाव कटतं." घरातलं कुणी आयकरदाता असेल तर योजना मिळत नाही, हे खरं. पण करदाता म्हणजे कर भरणारा. शून्य कराचं रिटर्न भरलं म्हणून कुणी करदाता होत नाही, असाच त्याचा सरळ अर्थ आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत धंद्याच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. ताईंना इन्कम टॅक्सची भीती बाळगायचं कारणच नाही. त्यांची खरी भिंत अडीच लाखांची आहे. उद्यम नोंदणीचंही तसंच. नोंदणी फुकट आहे, आणि नुसती ती केली म्हणून कुणी अपात्र होत नाही. तेव्हा त्यापायी ती टाळू नका.

वसुलीचं काय? इथे मी गोड बोलणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ५ लाख महिलांना अपात्र ठरवलं, तेव्हा आधी दिलेले पैसे परत घेणार नाही असं सरकारने सांगितलं होतं. पण तो त्या वेळचा निर्णय होता, कायमची हमी नाही. पीएम किसानमध्ये आयकर भरणाऱ्या शेतकऱ्यांना तहसीलमधून हप्ते परत करायच्या नोटिसा आल्या, हे तुमच्या गावातही कुणीतरी सांगेल. माझं म्हणणं एवढंच की ज्या काळात तुम्ही पात्र होता त्या काळाच्या पैशांची झोप उडवून घेऊ नका, आणि जिथून पात्र नाही हे कळलं तिथून गप्प बसू नका. हमीपत्रावर सही तुमची आहे. तालुक्याच्या महिला व बालविकास कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ती पोच धंद्याच्या फाईलला लावा. आणि फाईल नसेल तर आधी ती करा! खरेदीच्या पावत्या, विक्रीची वही, मजुरीच्या सह्या. उत्पन्न किती हे तुम्हालाच दाखवता आलं नाही, तर दुसरा कुणीतरी उलाढालच उत्पन्न धरेल.

आता थोडं सरकारला. पंधराशे घेणाऱ्या बाईने धंदा केला तर सरकारला आनंद व्हायला हवा. पण योजनेत मधली पायरीच नाही. २,४९,००० ला पूर्ण १८,०००, आणि २,५१,००० ला शून्य. दोन हजार जास्त कमावले की अठरा हजार गेले. अशा ठिकाणी माणूस वाढ थांबवतो किंवा लपवतो, तिसरं काही करत नाही. त्याहून वाईट म्हणजे परतीची वाट नाही. नवे अर्ज १५ ऑक्टोबर २०२४ ला बंद झाले. ताई आज प्रामाणिकपणे बाहेर पडल्या आणि पुढच्या वर्षी शेंगदाण्याचा भाव भडकून धंदा बसला, तर त्यांनी कुठल्या दारात जायचं?

हा पेच आपल्याकडचाच नाही. ब्रिटनमध्ये २००३ पासून टॅक्स क्रेडिट नावाची मदत होती. आधीच्या वर्षाच्या घरगुती उत्पन्नावर पैसे द्यायचे आणि वर्ष संपल्यावर खरं उत्पन्न बघून हिशेब मिटवायचा. वर्षात कमाई वाढली की जास्त दिलेले पैसे परत मागायचे. लाखो कुटुंबांना अशी पत्रं गेली आणि इतका ओरडा झाला, की वर्षभरात २,५०० पौंडांपर्यंतची वाढ माफ होती ती एप्रिल २००६ पासून २५,००० पौंडांपर्यंत नेली. पुढे ती सवलत टप्प्याटप्प्याने कमी केली, २०२५ च्या एप्रिलमध्ये टॅक्स क्रेडिटच बंद झालं. त्यांचंही सगळं बरोबर होतं असं नाही. पण उत्पन्न वर-खाली होतं आणि त्यासाठी थोडी जागा सोडावी लागते, एवढं त्यांच्या नियमात लिहिलेलं होतं. आपल्याकडे पिवळ्या रेशनकार्डाची मर्यादा १९९९ पासून वर्षाला १५,००० रुपये आहे. दिवसाला ४१ रुपये! यात प्रामाणिक राहून कोण बसतं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

माझी मागणी साधी आहे. मर्यादा ओलांडल्यावर निदान एक वर्ष मदत चालू ठेवा, आणि स्वतःहून बाहेर पडलेल्या बाईला उत्पन्न घटलं तर परत येऊ द्या.

तोपर्यंत ताईंना मी जे सांगितलं तेच तुम्हाला. सगळ्याच योजना अडीच लाखांवर संपत नाहीत. त्यांची मुलगी बारावीला आहे. व्यावसायिक शिक्षणात मुलींच्या फी-माफीसाठी कुटुंबाची मर्यादा ८ लाखांची आहे. धंदा दुप्पट झाला तरी ती सवलत हातातून जात नाही, आणि रकमेत ती १८,००० च्या कितीतरी पुढची आहे. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

परवा ताईंचा मेसेज आला. बँकेत वेगळं खातं उघडलं, क्यूआर स्वतःच्या नावाचा लावला, पुण्याच्या दुकानाला ४० किलोचं पहिलं बिल पाठवलं. बाहेर पडायचा अर्ज अजून दिलेला नाही. "मार्चअखेरचा हिशेब होऊ दे सर, खरंच तीन लाख होतात का बघते." ठीक आहे म्हटलं, वार्षिक उत्पन्न वर्ष संपल्यावरच कळतं. वही मात्र रोज लिहा.