कोवळ्याच राहिलेल्या पेशी आणि आपली रत्नागिरी

(पोस्ट जरा मोठी आहे. घरात लहान मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.)

"माशांवर नि उंदरांवर प्रयोग करायला कोट्यवधी रुपये? त्यापेक्षा तालुक्याला एक चांगला डॉक्टर द्या ना!" कॅन्सर संशोधनाची बातमी आली की आपल्या ग्रुपवर ही प्रतिक्रिया हमखास येते. राग मला समजतो. आजारी लेकराला मांडीवर घेऊन रात्रीच्या गाडीने परळ गाठणाऱ्या आईबापांना तर तो करायचा पूर्ण हक्क आहे. तरीही ही मांडणी मला पटत नाही.

एकच आजार घेऊ. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. मुलांमध्ये मऊ ऊतींचे जे कॅन्सर होतात, त्यात हा सर्वांत जास्त आढळतो. एरवी स्नायू तयार होताना कोवळ्या पेशी आधी संख्येने वाढतात, मग वाढ थांबवून एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यांचे लांब तंतू बनतात. या आजारात पेशी स्नायू व्हायच्या वाटेला लागतात, पण पोचतच नाहीत. नुसत्या वाढत राहतात. आंबा बागायतदाराला हे लगेच कळेल: कलम पालवीवर पालवी काढतंय, मोहोर काही धरत नाही.

१९८७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मायो-डी नावाचा जनुक शोधला. उंदराच्या साध्या पेशीत तो एकटा घातला तरी तिची स्नायूपेशी होते. पुढे कळलं की या कॅन्सरच्या पेशींतही मायो-डी असतोच. म्हणजे हुकूम निघालाय, पण अंमलबजावणी अडलीय. काही मुलांत दोन गुणसूत्रांचे तुकडे चुकीचे जोडले जाऊन पॅक्स-३ फॉक्स-ओ-१ हा भलताच जनुक तयार होतो आणि पेशीला कोवळंच ठेवतो. हा अडथळा काढता आला तर पेशीला मारण्याऐवजी मोठं करता येईल. आपण कल्टार घालून झाडाची नुसती वाढ रोखतो आणि मोहोर आणतो, साधारण तसंच.

हे स्वप्नरंजन नाही. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध अपक्व पेशींना पक्व करतं, आणि आर्सेनिकच्या औषधाबरोबर दिलं की बहुतेक रुग्ण बरे होतात. स्नायूंच्या गाठीत मात्र अजून ते साधलेलं नाही. इथली मुख्य केमोथेरपी ५० वर्षांत फारशी बदललेली नाही, आणि गाठ शरीरात पसरली असेल तर मूल वाचण्याची शक्यता खूप कमी होते. रुग्ण थोडे, म्हणून औषध कंपन्यांना नफा दिसत नाही. मग हे काम सरकारी पैशातल्या प्रयोगशाळांनीच करायचं ना?

आता माशांबद्दल. झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातला बोटाच्या पेराएवढा मासा. त्याची पिल्लं पारदर्शक असतात, त्यामुळे स्नायू घडताना आणि बिघडताना थेट दिसतात. २००७ मध्ये याच माशात ही गाठ तयार करून अभ्यासली गेली. आणि या आजारावरचं व्हिनक्रिस्टिन हे औषध कशातून आलं? आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून! शास्त्रज्ञ तिच्यात मधुमेहाचं औषध शोधत होते, सापडलं कॅन्सरचं. (म्हणून पानं चावत बसू नका, विषारी आहेत.)

परंपराही आपलीच आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. त्या संस्थेचा वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतो. कोकण रेल्वेने जाताना पनवेल लागतं, त्याच्या पलीकडेच.

पण डॉक्टर मागणाऱ्यांचंही अर्धं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. हा फरक उशिरा निदान, चुकीचं निदान आणि अर्धवट सोडलेल्या उपचारांचाही आहे. प्रयोगशाळेतलं ज्ञान गावापर्यंत पोचायला मधली साखळी लागते. ती आपल्याकडे तुटकी आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या:

१) न दुखणारी पण वाढत जाणारी गाठ, एक डोळा पुढे येणं, लघवीतून किंवा नाकातून वारंवार रक्त, ही लक्षणं प्रत्येक आशाताईला आणि अंगणवाडी सेविकेला शिकवा. आणि आपण लेप लावणं, चोळणं बंद करूया.

२) मुलाची कुठलीही गाठ घाईने कापून टाकू नये. आधी तज्ज्ञांकडून बायोप्सी. काढलेला तुकडा बादलीत न जाता पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे. नीट जपलेला तुकडा, पालकांच्या संमतीने, संशोधनालाही उपयोगी पडतो. कोकणातल्या मुलांचे नमुनेच पोचले नाहीत, तर संशोधनात आपली मुलं येणार कुठून?

३) रत्नागिरीत आता शासकीय मेडिकल कॉलेज आहे. तिथून थेट टाटापर्यंत मुलांसाठी ठरलेली रेफरल व्यवस्था हवी, आणि पालकांच्या प्रवासाची व राहण्याची सोयही.

डॉक्टर हवा की प्रयोगशाळा, हा प्रश्नच खोटा आहे. प्रयोगशाळा नसेल तर डॉक्टरच्या हातात जुनीच औषधं राहणार, आणि डॉक्टर नसेल तर नवं औषध आपल्या पोरांपर्यंत पोचणारच नाही. पुढच्या वेळी मतं मागायला कोणी दारात आलं, तर रस्त्याबरोबर हेही विचारा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहे.