ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी तपासणी व्हायला हवी

पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, मुरमं हटत नाहीत. पुण्या-मुंबईतल्या मुलीला पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार, आहे का, हे तपासून तरी पाहता येतं. बीडच्या तांड्यावरची, नंदुरबारच्या पाड्यावरची मुलगी मात्र कुठल्याच नोंदीत नसते. आपल्याकडचे बहुतेक आकडे शहरांतून, कॉलेजांतून, दवाखान्यांतून आलेले आहेत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पाहणीत, निदानाच्या रॉटरडॅम निकषांनी 22.5 टक्के तरुण मुली बाधित निघाल्या, तर अधिक कडक निकषांनी 10.7 टक्के. नुसता निकष बदलला तर आकडा निम्म्यावर येतो. मग जिथं मोजलंच नाही, तिथला अंदाज कशाच्या जोरावर बांधायचा?

मोजल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही, याचा दाखला जुना आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले : 92 टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी स्त्रीरोगांची तपासणी जेमतेम 8 टक्के जणींची झाली होती. बाई बोलत नाही म्हणून तिला त्रास नाही, असं समजणं किती चुकीचं आहे, ते तेव्हाच कळलं होतं.

वैद्यकीय महाविद्यालयांनो, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतील आणि वसंतापर्यंत परतणार नाहीत. त्याआधी पाहणीसाठी तांड्यांवर, पाड्यांवर जा. सोनोग्राफी यंत्र तिथं नेण्यावर कायद्याची बंधनं आहेत, हे खरं. पण प्रौढ स्त्रीची पाळी अनियमित असेल आणि पुरुषी संप्रेरक वाढल्याची लक्षणंही असतील, तर निदानाला सोनोग्राफी लागत नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी कारणं वगळायला रक्ततपासणी पुरते.

आयांनो, सासूबाईंनो, पथक दारात आलं तर मुलीला मागच्या खोलीत पाठवू नका. ‘स्थळं येणार नाहीत’ ही भीती आम्ही जाणतो. म्हणून आधी पाहणीला नैतिकता समितीने दिलेली परवानगी दाखवायला सांगा, नाव गुप्त राहील हे लेखी घ्या, मगच संमती द्या. या आजारात पुढं मधुमेहाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. प्रश्न फक्त मूल होण्याचा नाही.

आशाताईंनो, घरभेटीत पाळीच्या तारखा विचारा. पहिली पाळी येऊन तीन वर्षं झाली तरी दोन पाळ्यांत 35 दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, किंवा वर्षात आठाहून कमी वेळा पाळी येत असेल, तर त्या मुलीला याच महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन या.