हे दिवे कोणी लावले?

एखादी चांगली गोष्ट जिवानिशी गेली की तिचे खापर काळाच्या माथी फोडण्याची एक सोयीस्कर रीत आहे. काळ बदलला, लोक बदलले, अभिरुची बदलली. म्हणजे कोणाला जाब विचारायला नको आणि कोणी उत्तर द्यायलाही नको! ‘थीफ’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेबाबत हेच चालले आहे. तिचा पहिला खेळ १९९८ साली आला, दुसरा २००० साली, तिसरा २००४ साली आणि चौथा २०१४ साली. या चौथ्यानंतर मालिका कित्येक वर्षे निपचित पडली. तेव्हा शहाण्या मंडळींनी निकाल देऊन टाकला, की अंधारात दबा धरून बसण्याइतका धीर आजच्या माणसापाशी उरलेला नाही. मला हा निकाल साफ नामंजूर आहे. खेळणाऱ्याचा धीर जागच्या जागी आहे. संपला आहे तो खेळ करणाऱ्यांचा खेळणाऱ्यावरचा विश्वास.

व्हिडिओ गेम हा पोरांचा चाळा, त्यावर दिवाळी अंकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे ज्यांना वाटते त्यांनी हा खेळ होता कसा, एवढे तरी आधी ऐकून घ्यावे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ‘लुकिंग ग्लास स्टुडिओज’ ही संस्था होती. पात्राच्या डोळ्यांनी पाहायचे खेळ म्हणजे हाती बंदूक घेऊन समोर येईल त्याला लोळवायचे, असा तेव्हा सर्रास प्रघात होता. या मंडळींनी आपला नायक केला गॅरेट नावाचा एक चोर, आणि तोही असा, की दोन पहारेकरी एकदम अंगावर आले तर त्याची धडगत नाही. त्याचे खरे शस्त्र काळोख. पडद्याच्या तळाशी एक रत्न असे. तुम्ही उजेडात आलात की ते झळाळे, अंधारात शिरलात की मंदावे. पाण्याचा बाण मारला की मशाल विझे. शेवाळाचा बाण मारला की खणखणती फरशी पायाखाली मऊ होई. दोराचा बाण लाकडात रुते. दगडावर मात्र तो आपटून खाली पडे. गालिचावर पाऊल वाजत नसे, लोखंडावर हमखास वाजे. पहारेकरी गुणगुणत, कुरकुरत, आपसात गप्पा छाटत, आणि त्या आवाजावरून भिंतीपलीकडे कोण आणि किती अंतरावर आहे, हे तुम्ही ताडायचे. नकाशा मिळे तो हाताने काढलेला, बहुधा अर्धवट.

आणि यातली सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. खेळ अधिक कठीण करून मागितला, तर शत्रू नुसते बळकट करण्यावर ही मंडळी थांबत नसत. ती तुमच्यावरची बंधने वाढवत. सर्वांत अवघड पायरीवर अट अशी, की चोरी करा, पण एकाही माणसाचा जीव घेऊ नका. कौशल्य वाढले की हिंसेचा हक्क कमी होतो, हा विचार किती थोर म्हणवणाऱ्या नाटक-कादंबऱ्यांतून इतक्या स्वच्छपणे आलेला आहे, ते माझ्या वाचकांनीच सांगावे.

‘मृच्छकटिका’तला शर्विलक ज्यांना आठवत असेल, त्यांना या गॅरेटची ओळख करून द्यायला नको. जानव्याने भिंत मापणारा, दिवा विझवायला किडा सोडणारा, जुने दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडणारा तो चोर! त्याला पाहताना आपण चोरीला टाळी देत नाही, त्याच्या एकाग्रतेला देतो. शर्विलक आणि गॅरेट एकाच गोत्रातले. फरक एवढाच, की शर्विलकाचे अवधान आपण बाहेरून पाहतो, आणि इथे ते आपल्या अंगी बाणवावे लागते. पहिल्याच वाड्याबाहेर दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींविषयी बोलत उभे असतात. मी भिंतीला पाठ लावून त्यांचे सगळे बोलणे ऐकले. तेवढा वेळ मी काही ‘केले’ नाही. पण इतके लक्ष देऊन मी फार थोडी व्याख्याने ऐकली असतील.

आता ऱ्हासाकडे वळू. दुसरा भाग बाजारात येऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच, २००० च्या मे महिन्यात, लुकिंग ग्लासने टाळे ठोकले. तिसरा भाग ‘आयन स्टॉर्म’ या संस्थेने केला; जुन्यांपैकी काही जण तिथे होते. परंतु हा खेळ एक्सबॉक्स या यंत्रावरही चालायला हवा होता, आणि त्या यंत्राची स्मृती तोकडी. म्हणून प्रशस्त वाड्यांचे तुकडे पडले. दोराचा बाण गेला, पोहणे गेले. तरीही त्यात ‘शेलब्रिज क्रेडल’ नावाची एक इमारत आहे, कधी काळी अनाथाश्रम आणि वेड्यांचे इस्पितळ असलेली. तिच्या पूर्वार्धात एकही शत्रू नाही. नुसते आवाज, आणि माणसाची बोबडी वळते. हात बांधलेले होते, पण खेळणाऱ्याच्या कानांवरचा भरवसा अजून शाबूत होता.

२०१४ साली तोही गेला. ‘आयडॉस माँट्रिआल’ने केलेल्या चौथ्या भागात ‘फोकस’ नावाची एक शक्ती आहे. कळ दाबली की चोरण्याजोग्या वस्तू आणि उपयोगाच्या जागा आपोआप उजळून निघतात. दोराचा बाण नेमून दिलेल्या जागीच लागतो. मनास येईल तिथे उडी मारता येत नाही. खेळाने परवानगी दिलेल्या ठिकाणीच ती घडते. चोराला घरमालकाने आधीच खुणा करून ठेवाव्यात, असा हा प्रकार! कथेच्या समासात ‘येथे रडावे’ असे छापणारा लेखक आणि हे खेळकर्ते यांत मला काडीचाही फरक दिसत नाही.

यावर मला ठरावीक उत्तर मिळते: “अहो, या सगळ्या सोयी बंद करता येतात!” येतात, हे खरे. पण दिशादर्शक बाण पुसले म्हणून त्या बाणांच्या भरवशावर बांधलेले घर बदलत नाही. ज्या वाड्यात शिरण्याच्या वाटा आधीच मोजून ठरवल्या, तिथे दिवे मालवले तरी नवी वाट फुटत नाही. अंधार हा कळ दाबून आणण्याचा अलंकार नव्हे. पाया खणतानाच त्याचा विचार करावा लागतो.

दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा. जुने ते सोने म्हणणाऱ्यांतला मी नाही. पहिल्या भागात उठत्या प्रेतांनी भरलेली भुयारे आहेत आणि ती पुष्कळदा कंटाळवाणी आहेत. पण करणाऱ्यांना ते उमगले, आणि दुसऱ्या भागात त्यांनी भुते कमी करून वाडे, बँका आणि शहराची छपरे वाढवली. चूक सुधारण्याची ही एक दिशा होती. पुढच्यांनी नेमकी उलटी धरली.

आणि धीर संपल्याचा तो सिद्धांत! त्याचे उत्तर हौशी मंडळींनी केव्हाच दिले आहे. प्रसंग रचण्याचे साधन मूळ कर्त्यांनीच लोकांना देऊन टाकले होते. त्यावर लोकांनी वाड्यांमागून वाडे बांधले. २००५ साली ‘शॅडोज ऑफ द मेटल एज’ ही संपूर्ण मोहीम फुकट वाटली गेली. २०१२ साली एका निनावी माणसाने जुन्या खेळाचे यंत्र दुरुस्त करून नव्या संगणकांवर चालते केले आणि नावसुद्धा मागितले नाही. ‘द डार्क मॉड’ हा याच परंपरेतला विनामूल्य खेळ २०१३ पासून स्वतःच्या पायावर उभा आहे. २०२३ साली, मूळ खेळाच्या पंचविसाव्या वर्षी, ‘द ब्लॅक परेड’ ही दहा प्रसंगांची मोहीम त्याच जुन्या यंत्रावर उभी राहिली. बाण नाहीत, उजळणाऱ्या वस्तू नाहीत. पैसा न घेता वर्षानुवर्षे हे रचणारे आणि रात्री जागवून ते खेळणारे लोक कोणत्या काळातले समजायचे?

मालकी मात्र हिंडते आहे. २००९ मध्ये आयडॉस ‘स्क्वेअर एनिक्स’कडे गेली, २०२२ मध्ये तिचा माँट्रिआलचा कारखाना आणि या मालिकेचे हक्क ‘एम्ब्रेसर’ने घेतले. २०२५ मध्ये डोळ्यांवर यंत्र चढवून खेळायच्या एका नव्या ‘थीफ’ची घोषणा झाली. यंत्र कोणते का असेना, माझे त्याच्याशी भांडण नाही. दिव्यांच्या सणात काळोखाची वकिली करणे अंमळ विचित्र दिसेल, पण मालकांना मला एकच विचारायचे आहे: तुमच्या वाड्यात आम्ही चुकू शकू का? चुकण्याची मुभा असेल तर दार उघडे ठेवण्याचीही गरज नाही. आमचे आम्ही आत येऊ.