'राजाला' नव्हे, 'राजासाठी'

ख्रिस्ती मंडळींनी प्रार्थना करावी, राजकारणात पडू नये, असा उपदेश आपल्याकडे अधूनमधून केला जातो. मे २०१८ मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी आपल्या धर्मप्रांतास पत्र लिहिले: देशातील राजकीय वातावरण अस्वस्थ आहे, २०१९ ची निवडणूक समोर आहे, तेव्हा देशासाठी प्रार्थना करा, शुक्रवारी उपवास करा. पत्रात कोणत्याही पक्षाचे नाव नव्हते. तरीही गदारोळ झाला. म्हणजे या वेळी प्रार्थना हेच राजकारण ठरले! आमचा वाद या टीकाकारांशी आहेच, पण त्याहून अधिक तो 'साधी प्रार्थना ती, तिचा राजकारणाशी काय संबंध?' असे म्हणत बचावाला धावणाऱ्या सद्भावी मंडळींशी आहे. टीकाकारांना निदान त्या शब्दांचे वजन तरी जाणवले होते.

राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, ही सूचना नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात येते. (ते पत्र खुद्द पौलाचे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आमच्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही.) त्या काळी रोमन साम्राज्यात निष्ठेची खूण निराळीच होती. इ. स. ११२ च्या सुमारास सुभेदार प्लिनी संशयित ख्रिस्त्यांना सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व मद्य अर्पण करायला लावी, हे त्याच्याच पत्रातून कळते. नकार देणाऱ्यास मृत्युदंड. सुमारे १९७ साली कार्थेजच्या टर्टुलियनने यावर जो युक्तिवाद केला, तो भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगा आहे. सम्राटास दीर्घायुष्य, निर्वेध राज्य, शूर सैन्य लाभो असे आम्ही मागतो, असे तो सांगतो. पण मागतो ते देवापाशी, आणि सम्राट देवाहून लहान. मराठीत हा सारा झगडा 'सम्राटाला प्रार्थना' आणि 'सम्राटासाठी प्रार्थना' यांतील अंतरात मावतो. ज्याच्यासाठी मागावे लागते, तो स्वतः याचकांच्याच रांगेत उभा असतो. निष्ठेच्या या वाक्यात सत्तेची मर्यादा आधीच लिहिलेली आहे.

चर्चला मात्र या वाक्याचा अनेकदा विसर पडला. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात राजाचे नाव इतके मुरले की राजभक्ती कोठे संपते आणि देवभक्ती कोठे सुरू होते, हे ओळखणे कठीण व्हावे. ४ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चच्या कारभाऱ्यांनी राजासाठीच्या याचना गाळण्याचा ठराव केला आणि छापील ओळींवर शाईची रेघ ओढली गेली. प्रार्थना राजकारणबाह्य असती, तर ही काटाकाट कशासाठी?

याहून अवघड प्रश्न दक्षिण आफ्रिकेत उभा राहिला. सोवेटोच्या हत्याकांडाला नऊ वर्षे होत असताना, १६ जून १९८५ रोजी, अन्यायी राजवटीच्या अंतासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन तेथील चर्च परिषदेने केले. काही चर्चनेते बिचकले. राज्यकर्त्यांसाठी मागायचे, की ते जावेत म्हणून मागायचे? आमच्या मते आवाहन करणारेच मूळ वचनाशी अधिक प्रामाणिक होते. तीमथ्याच्या पत्रातही राजांसाठीच्या प्रार्थनेचा हेतू लोकांना शांततेचे, सन्मानाचे जीवन लाभावे हाच सांगितला आहे. राजाची खुर्ची टिकावी हा नव्हे. निवडणुकीच्या तोंडावर पुढाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून छायाचित्रे काढवणाऱ्या धर्मगुरूंनी तो अध्याय पुन्हा वाचावा. असो.

राहता राहिले आम्हा साहित्यशिक्षकांचे. शाकुंतलाच्या भरतवाक्यात राजाने प्रजेच्या हितासाठी झटावे ही इच्छा आहे, हे आपण वर्गात रंगवून सांगतो. मुद्राराक्षसाच्या भरतवाक्यात काही हस्तलिखितांत चंद्रगुप्त, काहींत अवंतिवर्मा, तर काहींत दंतिवर्मा येतो, या पाठभेदावर नाटकाचा काळ ठरवू पाहतो. आणि चर्चमध्ये दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी जे वाक्य उच्चारले जाते, त्यात नाव कोणाचे, क्रियापद कोणते, मागणे कोणासाठी, हे विचारायची वेळ आली की तो 'धार्मिक विषय' म्हणून बाजूला सारतो.